‘खालच्या’ विभागाचा विजेता : अ‍ॅपलॅचियन स्टेट, २००७

इतिहासलेखनाला एका दिवसाचा मोह फार असतो. पानिपत, वॉटर्लू, प्लासी अशा नावांत वर्षानुवर्षांची घडामोड गोठवून टाकणे सोयीचे जाते. क्रीडेतिहासही त्याला अपवाद नाही. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या २००७ च्या हंगामातून असाच एक दिवस उरला आहे. त्या दिवसामागे झाकला गेलेला हंगाम उलगडून पाहावा, एवढाच येथे आमचा हेतू आहे.

तो दिवस १ सप्टेंबर २००७. मिशिगन विद्यापीठाचा संघ तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर होता आणि या खेळाच्या इतिहासात सर्वाधिक विजय त्याच्याच नावावर होते. अ‍ॅन आर्बर येथील त्याच्या मैदानावर एक लाख नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर नॉर्थ कॅरोलायनातील बून या डोंगराळ गावच्या अ‍ॅपलॅचियन स्टेटने त्याला ३४–३२ असे हरवले. शेवटची २६ सेकंद उरली असताना पाहुण्यांनी फील्ड गोल करून आघाडी घेतली. अखेरच्या क्षणी मिशिगनने मारलेला फील्ड गोल कोरी लिंचने अडवला आणि सामना तेथेच संपला.

या निकालाचा धक्का कळण्यासाठी विभागरचना ध्यानात घ्यावी लागते. १९७८ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या पहिल्या विभागाचे दोन भाग पडले. त्यांतील खालच्या भागाला आरंभी ‘वन-डबल-ए’ म्हणत. २००६ पासून त्याचे नाव ‘फुटबॉल चॅम्पियनशिप सबडिव्हिजन’ झाले. वरच्या संघांना तेव्हा ८५ खेळाडूंपर्यंत शिष्यवृत्त्या देता येत, खालच्यांना ६३ इतक्याच. मोठी विद्यापीठे छोट्यांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावीत. अ‍ॅपलॅचियन स्टेटला या सामन्यासाठी सुमारे चार लाख डॉलर मिळाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. पाहुण्यांनी यावे, हरावे आणि धनादेश घेऊन परतावे, असा हा अलिखित संकेत. तो मोडला म्हणून तो दिवस आख्यायिका झाला. खालच्या विभागातील संघांनाही मते देता यावीत, यासाठी असोसिएटेड प्रेसला आपल्या क्रमवारीचा नियम बदलावा लागला.

पण आख्यायिकेतला हा ‘दुबळा’ संघ दुबळा नव्हता. २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो आपल्या विभागाचा विजेता होता. प्रशिक्षक जेरी मूर यांनी वेगवान आक्रमणाची पद्धत बसवली होती आणि क्वार्टरबॅक आर्मान्टी एडवर्ड्स पळण्यात जितका तरबेज, तितकाच चेंडू फेकण्यात. उलट बाजूने पाहिले, तर हा संघ अजिंक्यही नव्हता. मिशिगनला नमवून तीन आठवडे होताहेत तोच वॉफर्डने त्याला ४२–३१ असे हरवले. ऑक्टोबरात जॉर्जिया सदर्नने ३८–३५ असे. एका दिवसाच्या कथेत या दोन पराभवांना जागा नसते.

या विभागाचा विजेता १६ संघांच्या प्लेऑफमधून, म्हणजे बाद फेऱ्यांतून, ठरत असे. पहिल्याच फेरीत जेम्स मॅडिसनविरुद्ध अ‍ॅपलॅचियन स्टेट २८–२७ असा एका गुणाने वाचला. विजयी फील्ड गोलच्या टप्प्यात आलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून ऐन शेवटी चेंडू निसटला. पुढे ईस्टर्न वॉशिंग्टनवर ३८–३५. उपांत्य सामन्यात रिचमंडविरुद्ध एडवर्ड्सने एकट्याने ३१३ यार्ड धाव घेतली आणि संघाने ५५–३५ असा विजय मिळवला. १४ डिसेंबरला चॅटानूगा येथे डेलावेअरचा ४९–२१ असा पाडाव करून त्याने लागोपाठ तिसरे विजेतेपद मिळवले. या विभागात हे आधी कोणालाच साधले नव्हते. हा सामना पाहायला मिशिगनच्या प्रेक्षकसंख्येच्या चौथा हिस्साही लोक नव्हते.

आता त्याच वर्षीचा वरचा विभाग पाहावा. तेथे बाद फेरी नव्हती. मतदान आणि संगणकीय गणिते यांच्या मिश्रणातून दोन संघ निवडले जात व त्यांचाच अंतिम सामना होई. त्या वर्षी लुइझियाना स्टेटही दोन सामने हरला होता. शेवटच्या आठवड्यात तो सातव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर चढवला गेला आणि जानेवारी २००८ मध्ये ओहायो स्टेटला ३८–२४ असे हरवून विजेता झाला. नियमित हंगामातील बाराही सामने जिंकलेल्या हवाईला मात्र त्या अंतिम सामन्याची संधी मिळाली नाही.

दोन्ही विजेत्यांच्या माथी दोन-दोन पराभव. पैकी एकाला संधी मिळाली ती मतांनी. दुसऱ्याला चार आठवड्यांत चार संघ हरवावे लागले. खालची व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. तिथेही काही संघ समितीच निवडत असे, आणि अंतिम फेरीपूर्वीचे तिन्ही सामने अ‍ॅपलॅचियन स्टेटला बूनमध्येच खेळायला मिळाले. तरीही हरलेल्याला आपण का हरलो हे मैदानावरच कळत होते. हा न्याय वरच्यांना उशिरा सुचला. २०१४ च्या हंगामापासून तेथे चार संघांचे प्लेऑफ सुरू झाले आणि २०२४ मध्ये ते बारा संघांचे झाले.

योगायोग असा, की त्याच २०१४ साली अ‍ॅपलॅचियन स्टेट वरच्या विभागात दाखल झाला. जिथे त्याने तीन विजेतेपदे मिळवली तो विभाग त्याने सोडला. वर पैसा अधिक, प्रसिद्धी अधिक. पण राष्ट्रीय विजेतेपदाची वाट त्याच्यासारख्या संघाला कितीतरी दुर्गम.

‘वरचा’ आणि ‘खालचा’ ही विशेषणे साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाहीत. मुख्य प्रवाह आणि परीघ यांची चर्चा आपण नित्य करतो. परिघावरच्या लेखकाची दखल बहुधा तो केंद्राला धक्का देतो त्या एका कृतीपुरतीच घेतली जाते, आणि त्याने आपल्या परंपरेत, आपल्या मोजमापांनी जे उभे केले ते तळटिपेत जाते. मिशिगनवरचा विजय थोर होताच. परंतु अ‍ॅपलॅचियन स्टेटचे मोठेपण त्यावर अवलंबून नव्हते. तो सामना दोन गुणांनी हरला असता तरीही डिसेंबरात चॅटानूगाचा विजेता तोच असता. त्या हंगामाचे स्मरण आपण त्या अर्थाने ठेवतो का, हा प्रश्न फुटबॉलपुरता मर्यादित नाही.