खोळंबलेल्यांचा इतिहास

शाळेत आम्हांला जो इतिहास शिकवला त्यात सगळे लोक पोचत असत. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला. कोलंबस १४९२ साली पोचला. कुठे पोचला हे त्याला मरेपर्यंत नीटसं कळलं नाही, पण पोचला. मधल्या काळात गलबतावरच्या मंडळींनी वेळ कसा काढला, गोडं पाणी आधी कोणी संपवलं, आणि 'अजून किती लांब आहे हो?' हा प्रश्न दिवसातून किती वेळा विचारला गेला, याबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हतं. परीक्षेत सन विचारायचे तो पोचल्याचा. खोळंबल्याचा सन कोणी विचारला नाही.

वास्तविक माणसाचं निम्मं आयुष्य खोळंब्यातच जातं. एस्टी घाटात बंद पडते, लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये ध्यान लावून बसते, विमानाला 'तांत्रिक कारण' होतं. पण हे सगळे जमिनीवरचे खोळंबे. गाडी थांबली तर माणूस खाली उतरतो, रुळाच्या कडेला उभा राहतो, इंजिनाकडे बघून 'व्हॅक्यूम गेलेला दिसतोय' असं ज्ञान देतो, आणि अगदीच कंटाळा आला तर चालत सुटतो. समुद्रात ही सोय नाही. तिथे खोळंबला तो खोळंबला. चहूकडे पाणी, डोक्यावर आभाळ, आणि आजूबाजूला तेच तेच सहप्रवासी. माणसाची खरी पारख अशाच वेळी होते. म्हणून मी अलीकडे पोचलेल्यांचा इतिहास बाजूला ठेवून बोटींवर खोळंबलेल्यांचा इतिहास वाचायला घेतला आहे. त्यातलं माझं आवडतं जहाज 'सी व्हेंचर'. या नावाची दोन जहाजं झाली. दोघांच्यामध्ये ३६५ वर्षांचं अंतर, म्हणजे वर्षाचे जितके दिवस तितकी वर्षं. आणि दोघांचा संबंध अटलांटिक महासागरातल्या एकाच ठिपक्याशी, बर्म्युडाशी.

पहिलं 'सी व्हेंचर' २ जून १६०९ रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघालं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जेम्सटाऊन नावाची इंग्रजांची नवी वसाहत होती. जेमतेम दोन वर्षांची, आणि खाण्यापिण्याचे हाल. तिला माणसं आणि सामान पोचवायला नऊ जहाजांचा ताफा निघाला. ताफ्यात तीन बडी माणसं: नियोजित गव्हर्नर सर टॉमस गेट्स, ॲडमिरल सर जॉर्ज सोमर्स आणि कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट. शहाणपणाची गोष्ट अशी की तिघांनी तीन जहाजांतून जावं, म्हणजे एखादं बुडालं तरी दोघे उरतात. पण मग पहिला कोण पोचणार? पहिल्या पोचणाऱ्याला मान जास्त! यावरून इतकी रुसवाफुगवी झाली की शेवटी तिघांनीही एकाच जहाजातून जायचं ठरलं. आपल्याकडे लग्नात तीन व्याह्यांना एकाच टांग्यात बसवतात त्यातलाच प्रकार. वसाहतीचं सगळं डोकं एका जहाजात आणि हातपाय बाकीच्या आठांत, अशी वरात निघाली.

जुलैच्या अखेरीस चक्रीवादळानं ताफा उधळला. 'सी व्हेंचर' एकटं पडलं. फळ्यांमधलं सारण निघून आलं आणि जागोजाग पाणी शिरू लागलं. भोकं बुजवायला हाताला येईल ते कोंबलं गेलं. एका ठिकाणी तर खारवलेल्या गोमांसाचे तुकडे ठासले, असं जहाजावरच्याच विल्यम स्ट्रेची नावाच्या गृहस्थानं लिहून ठेवलं आहे. जन्मात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही असे सरदारपुत्र बादलीनं पाणी उपसायला लागले. पन्नाशी उलटलेला सोमर्स तीन दिवस तीन रात्री जहाजाच्या मागच्या उंच फलाटावर ठाण मांडून सुकाणूवाल्याला दिशा सांगत होता. चौथ्या दिवशी मंडळींनी आशा सोडली. ज्यांच्याकडे बाटल्या होत्या त्यांनी त्या बाहेर काढल्या आणि 'आता भेट परलोकात' म्हणून एकमेकांच्या नावानं घोट घेतले. एवढ्यात सोमर्सला जमीन दिसली. ही बर्म्युडा बेटं. खलाशी यांना 'सैतानाची बेटं' म्हणत आणि चार हात लांबून जात. पण बुडणाऱ्याला सैतानाचं घरही चालतं. जहाज किनाऱ्याजवळच्या खडकांत पाचरीसारखं अडकलं, आणि त्यावरची दीडशेच्या आसपास माणसं अंधार पडायच्या आत सुखरूप किनाऱ्याला लागली. एकही बुडालं नाही.

आता खरी गंमत सुरू होते. सैतानाच्या बेटावर सैतान नव्हता, रानडुकरं होती. पूर्वी केव्हातरी आलेल्या स्पॅनिश गलबतांनी सोडलेली. शिवाय कासवं, मासे, हातानं धरता येतील असे पक्षी, हवा गोड. जहाजावरचं कुत्रं घेऊन शिकारीला गेलं की आठवड्याला तीस-पन्नास डुकरं मिळत. तिथे एक लग्न लागलं: सोमर्सच्या आचाऱ्याचं. दोन बारशी झाली. मुलाचं नाव ठेवलं बर्म्युडास, मुलीचं बर्म्युडा. ही मुलगी जॉन रॉल्फ नावाच्या प्रवाशाची. बिचारी लवकर गेली, आणि थोड्याच काळात तिची आईही. याच रॉल्फनं पुढे १६१४ साली पोकाहॉन्टस या तिथल्या मूळ रहिवाशांच्या राजकन्येशी लग्न केलं. माणसं खोळंबली म्हणून लग्नं, बारशी आणि तेरावी खोळंबत नाहीत.

आणि खोळंबा म्हटला की एक माणूस असतोच. गाडी तासभर लेट झाली की स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरून 'नियम दाखवा' म्हणणारा. बर्म्युडावर त्याचं नाव स्टीफन हॉपकिन्स होतं. त्यानं मुद्दा काढला की आमचा करार व्हर्जिनियाला जाण्याचा. जहाज फुटलं तिथे करार संपला. करार संपला तिथे गव्हर्नरसाहेबांचा अधिकारही संपला. सबब आता ज्यानं त्यानं आपापलं बघावं. इथे डुकरं भरपूर आहेत. मुद्दा मोठा बिनतोड होता, म्हणूनच गेट्सनं त्याला मरणाची शिक्षा फर्मावली. हॉपकिन्स बायकामुलांच्या नावानं इतका रडला, आणि इतरांनीही त्याच्यासाठी इतकी रदबदली केली, की त्याला सोडून दिलं. पुढे १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांत एक स्टीफन हॉपकिन्स आहे, आणि तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे एवढं होऊनही गृहस्थानं पुन्हा तिकीट काढलं! दुसरा एक बंडखोर मात्र सुटला नाही. त्याला गोळी घातली. या खोळंब्यात सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं.

मानपान इथेही सुटला नाही. गेट्स आणि सोमर्स यांचं फारसं पटेना, तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या बेटांवर वेगवेगळी जहाजं बांधायला घेतली. बर्म्युडाचं सीडर लाकूड आणि जुन्या जहाजाचे अवशेष यांतून दोन जहाजं उभी राहिली. सोमर्सच्या जहाजात लोखंड म्हणाल तर तळाच्या कण्यातला एक बोल्ट, बस्स. जहाजांची नावं 'डिलिव्हरन्स' आणि 'पेशन्स', म्हणजे आपल्या भाषेत सुटका आणि सबुरी. खोळंबलेल्या माणसाला याहून दुसरं काय हवं असतं? १० मे १६१० रोजी, म्हणजे साडेनऊ महिन्यांच्या उशिरानं, मंडळी पुढच्या प्रवासाला निघाली. दोन माणसं मागे राहिली.

आमचे एक निवृत्त स्नेही गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर जातात. आयुष्यात त्यांची एकही गाडी चुकलेली नाही आणि हे ते प्रत्येक भेटीत सांगतात. त्यांच्यासाठी या गोष्टीचा पुढचा भाग मी मुद्दाम राखून ठेवला आहे.

ताफ्यातल्या बाकी आठ जहाजांपैकी एक बुडालं. सात जहाजं वादळातून कशीबशी सावरून १६०९ च्या उन्हाळ्यातच जेम्सटाऊनला पोचली. म्हणजे ही वेळेवर पोचलेली माणसं. त्यानंतरच्या हिवाळ्याला अमेरिकेच्या इतिहासात 'उपासमारीचा काळ' असंच नाव आहे. वेढा, रोगराई, दुष्काळ. लोकांनी घोडे खाल्ले, कुत्री-मांजरं खाल्ली, कातडी बूट खाल्ले. त्याहून भयंकर गोष्टही घडली, आणि अलीकडे उत्खननात सापडलेल्या एका मुलीच्या हाडांनी ती खरी असल्याचं दाखवलं. बर्म्युडाची मंडळी मे महिन्यात तिथे पोचली तेव्हा शेकडो माणसांपैकी साठेक उरली होती, आणि तीही सापळे. नऊ महिने ज्यांचं 'बुडाले बिचारे' म्हणून नाव टाकलं होतं, ते डुकराचं मांस खाऊन धडधाकट चालत आले.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. वेळेवर पोचले ते उपाशी मेले आणि उशीर झाला ते जगले, एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. मी ती आमच्या स्नेह्यांना सांगून मोकळा झालो असतो. पण तिला दुसरी बाजू आहे. वसाहतीचा गव्हर्नर, ॲडमिरल आणि सामानाचा मोठा वाटा या खोळंबलेल्या जहाजातच होता. ते वेळेवर पोचलं असतं तर कदाचित इतकी माणसं गेली नसती. एकाचा खोळंबा दुसऱ्याच्या ताटातला घास असतो. आपण गाडीत बसून 'किती उशीर!' म्हणून चुकचुकतो तेव्हा पुढच्या स्टेशनवर आपली वाट बघत कोण उभं आहे, हे आपल्याला आठवत नाही.

असो. उरलेल्यांना घेऊन सगळ्यांनी जेम्सटाऊन सोडायचं ठरवलं, जूनमध्ये निघालेसुद्धा, तर दुसऱ्याच दिवशी नदीच्या वाटेवर नवा गव्हर्नर लॉर्ड डी ला वेअर रसद घेऊन येतोय अशी वर्दी आली. झालं! 'मागे फिरा.' सोमर्स धान्य-मांस आणायला पुन्हा बर्म्युडाला गेला आणि त्याच वर्षी तिथे वारला. त्याचं हृदय तिथे पुरलं आणि देह इंग्लंडला नेला. एवढा वक्तशीर दर्यावर्दी, पण शेवटी तोही अर्धा तिथेच खोळंबला. स्ट्रेचीची हकीकत शेक्सपिअरच्या वाचनात आली असावी आणि त्यातून 'टेम्पेस्ट' नाटक निघालं, असं पुष्कळ पंडित म्हणतात. ते नाटक १६११ च्या नोव्हेंबरात राजदरबारी झालं.

आता दुसरं 'सी व्हेंचर'. तारीख १ एप्रिल १९७४. 'क्वीन एलिझाबेथ २' हे पासष्ट हजार टनांचं आलिशान जहाज १,६५४ प्रवाशांना घेऊन न्यूयॉर्कहून कॅरिबियनच्या सहलीला निघालं होतं. बर्म्युडाच्या नैऋत्येला बॉयलरच्या पाण्यात तेल शिरलं आणि बॉयलर बंद करावे लागले. वाफ नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गार हवा नाही. एक एप्रिलला कप्तानानं ही घोषणा केल्यावर किती जणांनी ती खरी मानली असेल, देव जाणे. राजवाडा पाण्यावर नुसता तरंगत राहिला. कंपनीनं काय करावं? बार फुकट केले! १६०९ साली बुडताना ज्या बाटल्या निघाल्या होत्या त्याच पुन्हा निघाल्या. साडेतीनशे वर्षांत यंत्रं बदलली, संकटावरचा उतारा मात्र तोच.

मदतीला बर्म्युडाहून धावून आलं ते वीस हजार टनांचं छोटं जहाज, आणि त्याचं नाव 'सी व्हेंचर'! ३ एप्रिलला भर समुद्रात सगळे प्रवासी लाँचमधून इकडून तिकडे नेले. मला आठवली ती आमची लहानपणची कोकणची बोट. रत्नागिरीला बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. खलाशी ओरडायचा, 'लाट वर आली की पाय टाका!' आणि काकू नेमकी लाट खाली गेली की पाय टाकायच्या. अमेरिकन लक्षाधीश आणि आमच्या काकू यांत या बाबतीत फरक असेल असं वाटत नाही; लाटेला बँकेचं पासबुक दिसत नाही. दुपटीहून जास्त माणसं पोटात घेऊन 'सी व्हेंचर'नं त्यांना बर्म्युडाला पोचवलं. तिथून विमानानं न्यूयॉर्क, आणि पैसे परत. पहिल्या 'सी व्हेंचर'नं आपल्या माणसांना बर्म्युडाला अडकवलं. दुसऱ्यानं दुसऱ्याच्या अडकलेल्या माणसांना बर्म्युडाला आणलं. तीन पिढ्यांनी कर्ज फिटावं तसं झालं. आमचा राजवाडा मागाहून दोन टगबोटींनी ओढत ७ एप्रिलला बर्म्युडाला आणला.

या छोट्या जहाजाचं पुढे नशीब उघडलं. १९७५ साली ते विकलं गेलं, नाव झालं 'पॅसिफिक प्रिन्सेस', आणि १९७७ पासून 'द लव्ह बोट' या अमेरिकन दूरदर्शन मालिकेनं ते घरोघर पोचवलं. त्या मालिकेत बोटीवर प्रेमं जमत. बॉयलर बंद पडल्याचं कोणी दाखवत नसे. २०१३ साली हे जहाज तुर्कस्तानात मोडीत निघालं.

आणि त्याच २०१३ च्या फेब्रुवारीत 'कार्निव्हल ट्रायम्फ' मेक्सिकोच्या आखातात बंद पडलं. इंजिनघरात आग लागली आणि चारेक हजार माणसं तरंगत राहिली. वीज गेली, पाठोपाठ संडास गेले. सगळं जग त्या संडासांवर बोललं. मी बोलत नाही, चाळीत वाढलेल्या माणसाला त्यात नवल नाही. लोकांनी चादरींचे तंबू ठोकून डेकवर मुक्काम केला. जहाज ओढताना मध्येच दोरखंड तुटला. अखेर १४ फेब्रुवारीच्या रात्री अलाबामातल्या मोबील बंदराला ते लागलं, प्रवाशांना बसमध्ये बसवलं, आणि त्यांतली एक बस वाटेत बंद पडली. हे वाचून मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

बर्म्युडाच्या राजचिन्हावर खडकावर आपटणारं जहाज काढलेलं आहे. ते हे पहिलं 'सी व्हेंचर'च, असं सर्वसाधारणपणे समजतात. खाली लॅटिन ब्रीद आहे, त्याचा भावार्थ 'दैव नेईल तिकडे'. इतर देशांच्या चिन्हांवर गरुड, तलवारी असतात. खोळंबा मिरवणारा देश माझ्या माहितीत हा एकच. जेवढे पोचले त्यांच्या नावानं जगात पुतळे आहेत. जे वाटेत अडकले, ज्यांनी बादलीनं पाणी उपसलं, लाकूड तासून 'सबुरी' बांधली, त्यांच्या नावानं कुठेतरी एक झेंडा फडकतो, हे काही कमी नाही.