पदरी ते पदरमोड

जुन्या कोल्हापुरी बोलण्यात पैलवान नुसता पैलवान नसायचा, तो कुणाच्या तरी पदरी असायचा. म्हणजे त्याच्या खुराकाचा भार दुसऱ्यानं उचललेला. दूध, तूप, बदाम, मटण रोजच लागतं. कुंडीत बदाम घोटून थंडाई करायची, ती अंगी लागेपर्यंत जोर-बैठका मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन-तीन एकरांच्या घराला हे झेपत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी हा भार दरबारावर घेतला. देशभरातले मल्ल इथं आणले, तालमींना बळ दिलं. 1912 मध्ये खासबाग मैदान पुरं झालं.

शाहूंचं ऋण फेडून संपणारं नाही. पण तो आश्रय ही मर्जी होती, पैलवानाचा हक्क नव्हता, हेही तितकंच खरं. धनी मोठ्या मनाचा होता म्हणून मल्ल सुखात होता. जिथं करारपत्रं होती, तिथंही धन्याचंच चालायचं. 1925 साली कॅनडातल्या हॅमिल्टन टायगर्स या आइस हॉकी संघाच्या वाट्याचे सामने 24 वरून 30 झाले. खेळाडूंनी त्यापोटी प्रत्येकी 200 डॉलर मागितले, तर लीगनं अख्खा संघ निलंबित केला, उलट प्रत्येकाला 200 डॉलर दंड ठोकला. पुढं ते खेळाडू न्यूयॉर्कच्या नव्या संघाला विकले गेले.

आपल्याकडं पदर सुटला तो 1949 साली. 1 मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच्या आदल्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले होते, सहावे आले होते. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. 1952 च्या हेलसिंकीच्या वेळी दरबार उरला नव्हता. पैलवानाला हुकूम करण्याचा अधिकार संघटनांकडं आला, त्याला पोसण्याची जबाबदारी मात्र कुणाकडंच आली नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथं आहे.

मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एका गुणानं मुद्दाम पाडलं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा जोड लागली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. हेलसिंकीच्या संघात जागा मिळाली, जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. एका शिक्षकानं पदरमोड केली म्हणून देशाचा मल्ल हेलसिंकीला पोचला.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम. तरी लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं. छाती अजून भात्यासारखी चाललेली, आणि नियम दाखवून हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. असं खुद्द खाशाबांच्या आठवणीतून पुढं आलं आहे. ती कुस्तीही गेली. हाती आलं ते कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लढून खर्डेकरांचे पैसे फेडले.

1955 मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, मग बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणानंतर, 2000 सालचा. गोळेश्वरच्या कुस्ती संकुलाचं रखडलेलं काम पाहून 2017 मध्ये घरच्यांनी ते पदक लिलावात काढण्याची भाषा केली, तेव्हा वाचताना माझा जीव कासावीस झाला होता.

2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं. महाराष्ट्राला हे दुसरं वैयक्तिक पदक 72 वर्षांनी मिळालं. तो रेल्वेत नोकरीला होता, तिथली त्याची बढतीही पदकानंतरच झाली.

म्हणून गावोगावच्या जत्रा कमिट्यांना माझं एवढंच मागणं आहे. हलगीच्या कडकडाटात इनाम पुकारता, ते आधी कागदावर लिहून द्या. आणि हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा विमा मैदानाच्या खर्चातूनच उतरवा. मानेला मार बसला तर दवाखान्याचं बिल त्याच्या बापाच्या पदरात टाकू नका.