गया ते बँकॉक : विमानाचे अंतर किती आणि वेळ किती?

धम्मसहलीची आखणी करणारे तरुण आम्हाला हमखास विचारतात, बुद्धगयेहून थायलंडला जायला किती वेळ लागतो?

गया विमानतळ ते बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे २,०६० किलोमीटर आहे. विमान मात्र ठरलेल्या हवाईमार्गाने जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त उडते. नकाशावरची ही रेषा कोलकात्याजवळून बंगालच्या उपसागरावर जाते आणि यांगूनच्या आसपास म्यानमार ओलांडते. यांगून म्हणजे जुने रंगून. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले होते.

जेट विमान ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने अडीच तास. धावपट्टी, चढणे-उतरणे धरून साधारण तीन तास. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. म्हणून परतीला थोडा वेळ जास्त लागतो.

खरा घोळ घड्याळाचा आहे. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. गयेहून दुपारी २ वाजता निघालात तर बँकॉकला तिथले ६.३० वाजलेले असतात. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिकच छापतात. आमच्या पहिल्या गटातल्या चौघांनी परतीच्या दिवशीही हातातले घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले होते. दुपारी १२ च्या विमानासाठी ते ‘१० वाजता’ पोहोचले, तेव्हा तिथे ११.३० झाले होते आणि काउंटर बंद होता. चारही तिकिटे वाया गेली. त्यातल्या एका मुलीचे तिकीट वस्तीने वर्गणी काढून घेतले होते. चूक आमचीच, निघण्यापूर्वी आम्ही ते समजावून सांगायला हवे होते.

दुसरी गोष्ट हंगामाची. गयेची परदेशी विमाने प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्च या यात्रेच्या काळात असतात. एरवी गया ते हावडा ४५८ किलोमीटर रेल्वेने, तिथून दमदम विमानतळ, मग बँकॉकपर्यंत सुमारे १,६४० किलोमीटर, अडीच तासांचे उड्डाण. म्हणजे तीन तासांच्या प्रवासाला अख्खा दिवस जातो. फक्त थायलंडलाच जायचे असेल तर मुंबईहून थेट जाणे सोपे: सुमारे ३,०३० किलोमीटर, चार तासांहून थोडे अधिक.

गया विमानतळापासून बुद्धगया जेमतेम पाच किलोमीटर. थेट विमान असेल तेव्हा बँकॉकचा उपासक तीन तासांत गयेत उतरतो. नागपूर ते गया सरळ अंतर ७३० किलोमीटरच, तरी आपली बहुतेक माणसे रात्रभर रेल्वेच्या डब्यात बसून जातात. अंतर कमी आहे म्हणून वेळ कमी लागेल असे नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिकीट काढताना एक नक्की पाहा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, आणि ते शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल तर मधे निदान पाच-सहा तास ठेवा. तिकिटावर सुवर्णभूमीची खूण बीकेके आणि डॉन मुआंगची डीएमके अशी असते.