सोडियम व्हॅल्प्रोएट : फिट्स आणि बायपोलर आजारावरील औषध – उपयोग, धोके आणि घरच्यांनी घ्यायची काळजी

फिट येणे (अपस्मार, फेफरे, मिरगी) आणि बायपोलर आजार (मन काही काळ अतिशय चढणे आणि काही काळ अतिशय खचणे) हे दोन निरनिराळे आजार आहेत. तरी दोन्हींच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एकच औषध दिसते. ते म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएट. हे औषध गुणकारी आहे, पण काही बाबतींत धोक्याचेही आहे. हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आपली कुटुंबे उपचारासाठी कधी धारवाडच्या डिमहान्समध्ये, कधी मिरज-कोल्हापूरला, तर कधी बेंगळुरूच्या निमहान्समध्ये जातात. चिठ्ठी इंग्रजीत असते, डॉक्टरांचे बोलणे कन्नड किंवा हिंदीत होते आणि घरी वेळेवर गोळी देणारी आई किंवा आजी मराठी वाचणारी असते. औषधाच्या खोक्यातील बारीक अक्षरांचा कागद कोणी उघडत नाही. म्हणून सभासदांसाठी ही माहिती आम्ही मराठीत एकत्र करून देत आहोत.

औषध कोठून आले

व्हॅल्प्रोइक आम्ल हे रसायन १८८२ साली प्रथम तयार झाले. व्हॅलेरियन या वनस्पतीत सापडणाऱ्या आम्लाशी त्याचे नाते आहे. आपल्याकडील तगर याच कुळातील. पुढे सुमारे ८० वर्षे त्याचा उपयोग प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवण्यासाठी होत असे. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत फ्रान्समधील ग्रनोबल येथे पिएर एमार हे संशोधक काही नव्या पदार्थांची फिट्सवर चाचणी घेत होते. पदार्थ कोणताही असो, जनावरांच्या फिट्स थांबत होत्या. तेव्हा गुण पदार्थाचा नसून तो ज्यात विरघळवला त्या द्रवाचा आहे, हे ध्यानात आले. १९६७ साली फ्रान्समध्ये आणि १९७८ साली अमेरिकेत हे औषध बाजारात आले. १९९५ साली अमेरिकेत बायपोलर आजारातील उन्मादासाठीही त्याला मान्यता मिळाली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

नावे अनेक, औषध एकच

सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक आम्ल आणि डायव्हॅलप्रोएक्स ही एकाच औषधाची रूपे आहेत. आपल्याकडे ते एन्कोरेट, व्हॅलपारिन अशा नावांनी मिळते. नावे वेगळी असल्यामुळे एक गोंधळ होऊ शकतो. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दुसऱ्या नावाने हेच औषध लिहिले, तर रुग्णाच्या पोटात दुप्पट मात्रा जाते. म्हणून एका डॉक्टरांकडची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

कशासाठी देतात

१. फिट्स : पूर्ण अंग आखडून झटके येणारी फिट, लहान मुले काही सेकंद एकटक पाहत राहतात ती फिट आणि सकाळी उठल्यावर हातांना अचानक हिसके बसून हातातील कप पडतो ती फिट, अशा अनेक प्रकारांत हे औषध चालते. इतक्या प्रकारांवर चालणारी औषधे थोडी आहेत.

२. बायपोलर आजार : झोप न लागता उत्साह अनावर होणे, पैसे उधळणे, चिडचिड, मोठमोठ्या योजना बोलून दाखवणे अशा उन्मादाच्या अवस्थेत मन खाली आणण्यासाठी हे औषध देतात.

३. अर्धशिशी : वारंवार येणारी अर्धशिशी टाळण्यासाठी काही रुग्णांना देतात. त्यामुळे गोळी दिसली म्हणजे त्या माणसाला अमुकच आजार आहे, असा तर्क शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करू नये.

मेंदूतील पेशी एकमेकींना विजेसारखे संदेश पाठवतात. हे संदेश बेसुमार वाढले की फिट येते. व्हॅल्प्रोएट हा अतिरेक आवरते आणि मेंदू शांत करणाऱ्या ‘गाबा’ या नैसर्गिक रसायनाचा प्रभाव वाढवते. योग्य उपचार मिळाले तर फिट्सच्या १०० पैकी सुमारे ७० रुग्णांना फिटविना जगता येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

नेहमीचे त्रास

मळमळ, झोपाळूपणा, हात थरथरणे, वजन वाढणे आणि केस गळणे हे त्रास पुष्कळांना होतात. गोळी जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. गळलेले केस बहुधा परत येतात. तरुण मुलींमध्ये पाळी अनियमित होऊ शकते. ज्येष्ठ सभासदांत चालताना तोल जाणे, विसराळूपणा आणि सुस्ती दिसल्यास ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ते औषधामुळेही असू शकते आणि मात्रा बदलल्यावर सुधारू शकते. अनेक वर्षे औषध चालू असल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात. त्याबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

ताबडतोब दवाखाना गाठावा अशी लक्षणे

यकृत : फार थोड्या रुग्णांत यकृताला गंभीर इजा होते. सर्वांत जास्त धोका २ वर्षांखालील मुलांना, त्यातही एकापेक्षा जास्त फिट्सची औषधे चालू असलेल्यांना असतो. बहुतेक वेळा हे पहिल्या ६ महिन्यांत घडते. भूक एकदम जाणे, सारख्या उलट्या, कमालीचा थकवा, डोळे पिवळे होणे, अंगावर सूज आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा वाढणे ही त्याची चिन्हे आहेत. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर काही महिने डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतात. ती खर्चिक वाटली तरी टाळू नये.

स्वादुपिंड : पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून कळ पाठीकडे जाणे आणि उलट्या होणे.

रक्त : अंगावर काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त येणे. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्याची ही खूण असू शकते. कोणतेही ऑपरेशन किंवा दात काढण्यापूर्वी हे औषध चालू असल्याचे सांगावे.

मेंदू : अचानक गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा. रक्तात अमोनिया वाढल्यास असे होते. यकृताची तपासणी ठीक असली तरी असे होऊ शकते.

मन : फिट्सच्या सर्वच औषधांबाबत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला. रुग्ण एकदम गप्प, निराश किंवा निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे ठेवू नये. डॉक्टरांना कळवावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

मुली आणि महिला : सर्वांत महत्त्वाची बाब

गरोदरपणात आईने व्हॅल्प्रोएट घेतले, तर १०० पैकी सुमारे १० ते ११ बाळांत जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण १०० मागे २ ते ३ असते. पाठीचा कणा उघडा राहणे, हृदयातील दोष, टाळू फाटलेली असणे ही त्यांतील काही व्यंगे. याशिवाय अशा १०० पैकी ३० ते ४० मुलांत पुढे बोलणे, चालणे उशिरा येणे, शिकण्यात अडचण किंवा स्वमग्नता असे प्रश्न दिसू शकतात. मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त, पण पूर्ण सुरक्षित अशी मात्रा ठाऊक नाही. फॉलिक आम्लाच्या गोळ्या जरूर घ्याव्यात, मात्र त्यांनी हा धोका नाहीसा होत नाही.

फ्रान्समध्ये अशा मुलांच्या आईवडिलांनी एकत्र येऊन लढा दिला, तेव्हा हा प्रश्न सरकारदरबारी गेला. ब्रिटनने २०१८ साली नियम केला की गर्भधारणा टाळण्याची खात्रीची व्यवस्था असल्याखेरीज मूल होण्याच्या वयातील महिलांना हे औषध देऊ नये. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा महिला व मुलींना व्हॅल्प्रोएट देऊ नये, असा सल्ला दिला.

पुरुषांबाबतही आता सावधगिरी सांगितली जाते. गर्भधारणेच्या आधीच्या ३ महिन्यांत वडील हे औषध घेत असतील, तर मुलाच्या वाढीवर थोडा परिणाम होण्याची शक्यता युरोपच्या औषध संस्थेने २०२४ साली नोंदवली. हा धोका आईच्या बाबतीतल्या धोक्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, पण मूल हवे असल्यास पुरुषानेही आधी डॉक्टरांना भेटावे.

आता आपल्या घरांतील गोष्ट. मुलीला लहानपणापासून गोळी चालू असते. स्थळे पाहण्याची वेळ आली की ‘सध्या कोणाला सांगायला नको’ असे ठरते. लग्नानंतर ती सासरी गोळी लपूनछपून घेते किंवा एकदम बंद करते. दोन्ही घातक आहे. बंद केली तर लागोपाठ फिट्स येऊन जिवावर बेतू शकते. चोरून चालू ठेवली आणि दिवस गेले, तर बाळाला धोका पोहोचतो. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या ४ आठवड्यांतच मिटतो. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन दवाखान्यात जाईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

म्हणून हा विषय डॉक्टरांपुढे काढायची वेळ लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीची आहे. फिट्ससाठी लेव्हेटिरॅसिटम, लॅमोट्रिजिन यांसारखी गरोदरपणात तुलनेने सुरक्षित औषधे आहेत. बायपोलर आजारातही अन्य पर्याय आहेत. पण औषध बदलायला, नवीन औषध लागू पडते का ते पाहायला काही महिने लागतात. गर्भ राहिल्याचे कळलेच तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कायद्याची बाजूही सांगणे योग्य. हिंदू विवाह कायद्यातील ‘अपस्मार असल्यास विवाहास अपात्र’ हा भाग १९९९ साली काढून टाकण्यात आला. फिट्स असलेल्या मुलीला किंवा मुलाला लग्नाचा पूर्ण हक्क आहे. मात्र आजार लपवला, तर पुढे फसवणुकीचा वाद उभा राहू शकतो. चार माणसांत डॉक्टरांच्या कागदासह स्पष्ट सांगितलेली गोष्ट पुढे टिकते.

इतर औषधांशी न जुळणे

व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दुपटीने वाढते आणि अंगावर गंभीर पुरळ उठू शकते. मेरोपेनेम गटातील प्रतिजैविके दिल्यास उलट व्हॅल्प्रोएटचेच प्रमाण झपाट्याने खाली येऊन फिट्स सुरू होतात. म्हणून रुग्णाला कोणत्याही कारणाने अतिदक्षता विभागात ठेवले, तर हे औषध चालू असल्याचे तेथील डॉक्टरांना लगेच सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन आणि दारू यांबाबतही सावध राहावे.

घरी पाळायचे नियम

१. औषध कधीही एकदम बंद करू नये. दोन-तीन वर्षे फिट आली नाही तरी बंद करायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि तेही हळूहळू.

२. गोळी विसरल्यास आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत.

३. हळूहळू विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये. लहान मुलांचे पातळ औषध घरच्या चमच्याने न देता बाटलीबरोबरच्या मापानेच द्यावे.

४. ही गोळी हवेतील ओलावा पटकन शोषते. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवल्या तर त्या चिघळतात. घ्यायच्या वेळीच पाकीट फोडावे.

५. कंपनी बदलायची असेल, स्वस्त जेनेरिक गोळी घ्यायची असेल, तर डॉक्टरांना विचारून बदलावी आणि मग त्याच कंपनीची चालू ठेवावी.

६. एक वही ठेवावी. औषधाचे नाव, मात्रा, तारीख, आलेली फिट किंवा मनाचा चढउतार, वजन आणि रक्ततपासणीचे आकडे त्यात लिहावेत. पासबुकात जशी प्रत्येक नोंद असते तशी. डॉक्टर बदलले, गाव बदलले तरी वही सोबत जाते.

७. फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, वेळ पाहावी. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. फिट ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवावी.

विम्याबाबत : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही आरोग्य विम्याची सोय ठेवली पाहिजे. प्रस्तावाच्या अर्जात आजार आणि चालू औषध खरे लिहावे. न लिहिल्यास दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते.

ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. हे वाचून कोणी गोळी बंद करू नये किंवा कमी करू नये. पुढच्या तपासणीला जाताना यातील कोणते प्रश्न आपल्या घराला लागू आहेत ते वहीत लिहून न्यावेत आणि घरात वयात आलेली मुलगी हे औषध घेत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी.