तळटीप : कोटा टांपानची दगडी हत्यारे

१. 'रॅफल्स म्युझियम' : सिंगापूरच्या स्टॅमफर्ड रोडवरील आजचे राष्ट्रीय संग्रहालय. येथील एच. डी. कॉलिंग्ज यांनी १९३८ मध्ये मलेशियातील पेराक राज्यात, कोटा टांपान येथे उत्खनन केले आणि गोट्यांपासून घडवलेली हत्यारे उजेडात आणली.

१९८७ मध्ये झुरैना मजीद यांना तेथे हत्यारे घडवण्याची अख्खी जागाच सापडली. ऐरणीचे दगड, हातोडे, गाभे, उडालेल्या कपच्या, सारे काही तिथेच पडलेले! गोट्याच्या कडेवर दगडी हातोड्याचा नेमका घाव बसला की कपची निघते आणि उरलेल्या कडेला धार येते. अशा जड तोडहत्याराने लाकूड, बांबू तोडता येतो, हाड फोडता येते. कातडे सोलायला आणि मांस कापायला पातळ कपचीच सोयीची.

या स्थळी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची राखही आहे. त्याचा महास्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा.

मराठी वाचकाला येथे पुणे जिल्ह्यातील बोरी आठवेल. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी राखेच्या थराशी निगडित हातकुऱ्हाडी मिळाल्या. मात्र ती राख टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. — संपादक