फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी : अमेरिकी कॉलेजांतील संघ व त्यांच्या शाखा

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतील मुले-मुली अमेरिकेत शिकत आहेत. फोनवर ‘रश’, ‘प्लेज’, ‘चॅप्टर’ असे शब्द कानावर पडतात आणि घरच्यांना उलगडा होत नाही. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

अर्थ
लॅटिनमध्ये ‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ व ‘सोरोर’ म्हणजे बहीण. आपल्या ‘भ्रातृ’ आणि ‘स्वसृ’ यांच्याच कुळातले हे शब्द. मुलांचा संघ फ्रॅटर्निटी, मुलींचा सोरॉरिटी. नावे बहुधा दोन-तीन ग्रीक अक्षरांची असतात.

इतिहास
ग्रीक अक्षरांचा पहिला संघ ‘फाय बीटा कॅपा’ ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाला. पुढे तो गुणवंतांचा मानाचा संघ झाला. आजच्या धर्तीच्या फ्रॅटर्निटीची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये झाली. मुलींसाठी ग्रीक अक्षरांचा ‘कॅपा अल्फा थीटा’ हा संघ १८७० मध्ये इंडियानात स्थापन झाला.

कृष्णवर्णीयांना या संघांची दारे बंद होती. त्यांनी स्वतःचे संघ काढले : १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘अल्फा फाय अल्फा’ आणि १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात मुलींचा ‘अल्फा कॅपा अल्फा’. मार्टिन ल्यूथर किंग पहिल्याचे सदस्य होते. कमला हॅरिस दुसऱ्याच्या सदस्य आहेत. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनीही हीच वाट धरली. टेक्सासमध्ये १९९८ साली मुलांचा ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ व मुलींचा ‘डेल्टा फाय ओमेगा’ हे संघ सुरू झाले.

शाखा म्हणजे चॅप्टर
आम्हा बँकवाल्यांना ही रचना लगेच समजते. मुख्य कार्यालय एक, शाखा अनेक. मुख्य कार्यालय सनद देते तेव्हा शाखा उघडते आणि सनद काढून घेतली की ती बंद होते. बऱ्याच संघांत पहिली शाखा ‘अल्फा’, दुसरी ‘बीटा’ असा क्रम असतो. अध्यक्ष, खजिनदार विद्यार्थ्यांतूनच निवडतात. नव्या सदस्यांच्या निवडीचा हंगाम म्हणजे ‘रश’. निवड झाल्यावर दीक्षेपर्यंतचा उमेदवारीचा काळ म्हणजे ‘प्लेज’. वर्गणी भरावी लागते. सदस्यत्व सहसा आयुष्यभराचे असते, त्यामुळे नोकरीच्या वेळी जुन्या सदस्यांच्या ओळखी कामी येतात.

धोका
नवागतांचा छळ करण्याच्या प्रकाराला ‘हेझिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या रॅगिंगसारखेच, पण एक फरक आहे. येथे मुलाला स्वतःलाच संघात शिरायचे असते, म्हणून तो सोसतो आणि घरी बोलत नाही. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातील एका फ्रॅटर्निटीत नव्या सदस्यांना अतोनात दारू पाजण्यात आली आणि एका विद्यार्थ्याचा जीव गेला. विद्यापीठाने त्या शाखेवर कायमची बंदी घातली. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कडक कायदा केला. डिसेंबर २०२४ मधील केंद्रीय कायद्याने अशा प्रकारांची माहिती जाहीर करणे विद्यापीठांना बंधनकारक झाले.

घरच्यांनी काय विचारावे?
संघाचे नाव मोठे असले तरी शाखा चांगली असेलच असे नाही. त्या शाखेला विद्यापीठाची मान्यता आहे का? पूर्वी कारवाई झाली आहे का? वर्षाचा एकूण खर्च किती? हे विचारावे. आणि नको वाटेल त्या दिवशी सोडून ये, घरचे कोणी रागावणार नाही, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवावे.