बर्लिनमधल्या कवट्या आणि इरावतीबाई

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला पटकन आठवतं ते 'युगान्त'. १९६७ सालच्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण बाईंचा मूळ पेशा समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र. आणि त्या प्रवासातला एक थरारक टप्पा घडला तो आपल्या हॉलंडहून ट्रेनने सहज गाठता येणाऱ्या बर्लिनमध्ये!

त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला; तिथल्या नदीवरून नाव इरावती. शिक्षण पुण्यात, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम. ए. केलं आणि त्याच वर्षी बर्लिन गाठलं. सासरे महर्षी कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले, पण सुनेच्या परदेशी जाण्याला त्यांचा विरोध होता. पती दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये गाईड होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू कमीजास्त असतात आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं मूळ आहे, असा त्यांचा होरा. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष काय? असा फरक सगळ्यांतच सापडतो, वंशाशी त्याचा संबंध नाही!

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे चांगलं कळतं. क्लायंटला हवं ते उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि डेटा भलतंच सांगत असतो. इथे तर डिग्रीच गाईडच्या हातात होती, देश परका, भाषा परकी. तरी बाईंनी आकडे वाकवले नाहीत. पुढे फिशर यांच्या त्याच संस्थेने नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा मुलामा दिला, हे आठवलं की त्या प्रबंधाचं मोल कळतं.

परतल्यावर १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापं त्यांनी पुढेही घेतली, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वारीत चालल्या, देशभरातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला, कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. १९७० साली त्या गेल्या.

हे सगळं इथे का सांगतोय? आपल्या या देशात २०१६ पर्यंत सरकारी आकडेवारीत 'अलोख्तोन' हा शब्द होता. मूल इथेच जन्मलेलं असो, आई-वडिलांपैकी एक जण जरी परदेशात जन्मलेला असला तरी ते अलोख्तोन! शब्द गेला, पण माणसांचे रकाने पाडायची सवय जगात कुठेच गेलेली नाही. आपल्या जातींच्या रकान्यांसकट, बरं का! तेव्हा मुलांना 'युगान्त' वाचून दाखवाल, तेव्हा त्या १४९ कवट्यांची गोष्टही जरूर सांगा.